जिवंत बाईचं नाव

लिस्ता, १२ मार्च २०१४

टोरहिल्ड,

हे पाकीट परत पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर फोडून, वाचून, मग पाठव. सत्तावीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले आहे मी. न फोडता परत आलेलं पाकीट हाताला कसं लागतं ते मला ठाऊक आहे.

पत्ता कुणी दिला असं तुझ्या मनात येईल. कुणी दिला नाही. दर वर्षी नवी टेलिफोन डिरेक्टरी आली की मी ती काउंटरखाली उघडायचे आणि तू तिकडं पार उत्तरेला गेल्याचं कानावर आलं होतं म्हणून वार्दोच्या पानावर तुझं नाव आहे का बघायचे. दिसलं की मिटून ठेवायचे. आता डिरेक्टरी बंद झाली, कॉम्प्युटरवर बघते. फोन मात्र एकदाही केला नाही, ते तुला माहीतच आहे.

मुद्द्यावर येते. माझ्या रूनाला ३ मार्चला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण ठीक आहेत. रूना आता चौतिशीला आली. एविंड नावाच्या मुलाबरोबर राहते, बोटींवर विजेची कामं करतो तो, स्वभावानं गरीब आहे. दोघं स्तावेच्या घरात राहतात, ताराल्ड पणजोबांनी अमेरिकेहून परत आल्यावर घेतलेल्या त्याच घरात. पायऱ्या तशाच करकरतात.

बाप्तिस्मा १५ जूनला आहे. आणि रूनाला मुलीचं नाव टोरहिल्ड ठेवायचं आहे.

मी तिला दुसरी नावं सुचवली. आपल्या आईचं सुचवलं, एविंडच्या आजीचं सुचवलं. ती ऐकत नाही. "आई, नाव उठवायचं तर मावशीचंच," म्हणते. आता आपल्याकडे बाळाला नाव देऊन कुणाचं नाव उठवतात हे मी तुला सांगायला हवं असं नाही. आजी-आजोबांचं त्यांच्या हयातीत ठेवलं तर चालतं, त्यांना गंमतच वाटते. मावशी-आत्या, काका-मामा, पहिली बायको, यांचं नाव बाळावर उठवायचं ते ती माणसं जमिनीत गेल्यावर. आधी नाही.

तुझी हरकत असेल तर कळव. नसेल तरी कळव.

आसलॉग


लिस्ता, २ एप्रिल

टोरहिल्ड,

तीन आठवडे झाले, पाकीट परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस, नाही तर चुलीत घातलंस. चुलीत घातलं असशील तर हेही तिथंच जाईल, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

रूनाला वाटतं तू मेलीस.

एवढं वाक्य लिहायला चार कागद फाडले. तसं तिला मीच सांगितलं. कधी आणि का ते तुला कळलं पाहिजे. तुला पटेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशीचं तुला जे आठवतं तेच मला आठवत असेल असं नाही. मला एवढं आठवतं की सकाळी दहा वाजता तू शाळेत गेलीस, बाईंना काही न सांगता रूनाला घेऊन निघालीस, आणि संध्याकाळी पाचपर्यंत सगळा गाव तुम्हाला शोधत होता. ऑक्टोबरचा शेवट होता. तुम्ही बोटीच्या शेडमध्ये सापडलात, कमरेपर्यंत भिजलेल्या. गाणं म्हटलं की सील किनाऱ्याला येतात असं तू तिला सांगितलं होतंस आणि दोघी पाण्यात उभ्या राहून गात होतात. पोरगी निळी पडली होती आणि हसत होती. तू अकरा रात्री झोपली नव्हतीस. मला तुझी भीती वाटली. सख्ख्या बहिणीची भीती वाटणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

डॉक्टर आले, तुला इस्पितळात ठेवायचा कागद आला. आईला सही करवेना म्हणून ती मी केली. ४ नोव्हेंबर १९८६. गाडीत बसताना तू मागं वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "आसलॉग, रूनाला सांग मी लवकर येते." तेही मी तिला सांगितलं नाही.

ती रोज विचारायची, मावशी कधी येणार. सकाळी विचारायची, जेवताना विचारायची. एके दिवशी मी बटाटे सोलत होते आणि ती पुन्हा आली. मी म्हणाले, "मावशी गेली." म्हणाली, "कुठे?" म्हणाले, "मेली." तोंडातून शब्द गेला. ती रडली, मग निजली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं बंद केलं. घर शांत झालं. मला वाटलं होतं, मोठी झाली की सांगू. ती मोठी होत गेली आणि ते सांगणं जड होत गेलं. गावात ज्यांना खरं माहीत होतं ते गप्प बसले. असल्या बाबतीत गप्प बसायला आपल्या गावाला शिकवावं लागत नाही.

आई गेली तेव्हा पेपरातल्या निधनाच्या सूचनेत मी तुझं नाव घातलं नाही. लोकांना वाटलं मी तुझ्यावर डूख धरून आहे. तसं नव्हतं. रूना पेपर वाचायला लागली होती.

आता तिला वंशावळीचं वेड लागलं आहे. बाळाला दाखवायची म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर हा एवढा मोठा कागद लावला आहे. परवा बाळ खांद्यावर, पेन हातात, मला म्हणाली, "आई, टोरहिल्ड मावशीची तारीख काय घालू?"

"कसली?"

"गेल्याची. बाकी सगळ्यांच्या आहेत, तिच्याच नावाखाली रिकामं राहिलंय."

मी म्हणाले, "चार नोव्हेंबर शहाऐंशी."

"किती पटकन आठवलं गं तुला," म्हणाली आणि लिहून टाकलं.

आसलॉग


लिस्ता, २७ एप्रिल

टोरहिल्ड,

आज तुला तुझ्यामाझ्याबद्दल लिहीत नाही. ताराल्ड पणजोबांबद्दल लिहिते. दुसऱ्या कुणाशी हे बोलता येत नाही.

आपल्याला लहानपणापासून जे सांगितलं ते असं: ताराल्ड हाउगेच्या मालेनाशी लग्न करून १९०३ साली ब्रुकलिनला गेला. तिथं सुतारकाम केलं. बायको तिकडंच वारली. १९१२ मध्ये तो एकटा परत आला, पुढच्या वर्षी बेर्टाशी लग्न केलं, स्तावेचं शेत घेतलं. पहिली मुलगी झाली तिचं नाव रीतीप्रमाणे गेलेल्या बायकोचं ठेवलं, मालेना. ती आपली आजी. गाव म्हणायचं, भला माणूस, दुसरी बायको आणली तरी पहिलीला विसरला नाही.

रूनाला त्या पहिल्या मालेनाची तारीख हवी होती. आजी जन्मली १९१४ साली, म्हणजे त्याआधी पहिली गेलेली असणार, एवढा हिशेब आम्हा दोघींना सरळ वाटला. जानेवारीपासून आम्ही न्यूयॉर्कच्या मृत्यूच्या नोंदी धुंडाळत होतो. मालेना स्तावे, मालेना स्तावे. कुठंच नाही. शेवटी रूनानं ब्रुकलिनमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना लिहिलं. त्यांचे आईवडील इकडचेच, जुन्या चर्चचे कागद ते सांभाळतात. त्यांनी लिहिलं, "बाई, तुमच्या गावात माणूस शेत बदलतो आणि त्याबरोबर नावही बदलतो, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

आमच्या डोक्यात उजेड पडला. स्तावे ताराल्डनं घेतलं १९१३ साली. त्या बिचारीला ते नाव कधी लागलंच नाही. आम्ही तिला तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराच्या नावानं शोधत होतो. ब्रुकलिनमध्ये ताराल्ड होता टोर्गेरसन, टोर्गेरचा मुलगा, तेव्हा बायकोही टोर्गेरसन. मालेनाची तिकडं लेना झाली होती. त्या गृहस्थांनी लेना टोर्गेरसन शोधली आणि ती सापडली.

१९१० च्या शिरगणतीत नवऱ्याबरोबर, भाड्याच्या दोन खोल्यांत. १९१५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात. १९२० मध्ये तिथंच. १९३० मध्ये तिथंच. १९४० मध्ये तिथंच. जन्म नॉर्वे, विवाहित. प्रत्येक वेळी विवाहित. १९४७ च्या फेब्रुवारीत वारली. इस्पितळाच्याच जमिनीत पुरली आहे. दगडावर नाव नाही, आकडा आहे, २११८.

रूनानं हे मोठ्यानं वाचलं. मी बाळाचे कपडे घड्या करत होते. ती म्हणाली, "आई, पणजीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी ही बाई जिवंत होती."

मी आणखी एक झबलं उचललं.

"पणजी तेहेतीस वर्षांची होईस्तोवर जिवंत होती. सगळा गाव तिला मेलेली समजत होता, का, तर पोरीला तिचं नाव दिलं होतं. कागद नको, दाखला नको, नाव दिलं की बाई मेली." तिचा आवाज चढला तसं बाळ जागं झालं. "कसला माणूस असेल हा? जिवंत बाईला पोरीच्या नावाखाली पुरतो."

मी म्हणाले, "त्याचीही काही अडचण असेल."

"तुझं आपलं काहीतरीच. तू कुणाचीही बाजू घेशील."

एविंड कॉफी पीत बसला होता. म्हणाला, "आमच्या घराण्यात सगळे बोटीला घाबरायचे, कुणी अमेरिकेला गेलंच नाही. म्हणून आमची माणसं जिथल्या तिथं मेली." रूना हसली. मलाही हसावं लागलं.

तुला आठवतं, बेर्टा पणजी आजीला कधी मालेना म्हणत नसे. 'पोरी' म्हणायची. आजी सत्तर वर्षांची झाली तरी आठवण काढताना म्हणायची, "माझ्या आईनं मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही." आपल्याला वाटायचं लाडानं. बेर्टाला माहीत असणार.

मला वाटलं, हे सगळं कळल्यावर रूनाचं नाव उठवायचं खूळ जाईल. झालं उलटंच. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "निदान माझ्या मुलीचं नाव तरी खरं असेल. जी खरंच गेली आणि जिची मला अजून आठवण येते, तिचं."

तिला तो सीलचा दिवस आठवतो, टोरहिल्ड. भिजलेलं आठवत नाही, थंडी आठवत नाही. लहानपणीचा सगळ्यात चांगला दिवस म्हणून सांगते सगळ्यांना.

आसलॉग


लिस्ता, २० मे

टोरहिल्ड,

रूना मला हाउगेला घेऊन गेली. मी नको म्हणत होते. तिनं चर्चच्या वहीत ताराल्डच्या दुसऱ्या लग्नाची नोंद काढली होती. तेव्हा लग्नाला दोन जामीन लागत. नवरा मोकळा आहे, त्याच्या मागे बायको नाही, असं पाद्र्यासमोर उभं राहून सांगायचं. त्या दोघांत पहिलं नाव गाब्रिएल हाउगेचं होतं.

गाब्रिएल म्हणजे पहिल्या मालेनाचा भाऊ, सख्खा आणि थोरला.

हाउगेला आता त्याची नात राहते, टोमीने. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर म्हणाली, "शंभर वर्षं कुणी विचारलं नाही. मला वाटलं मीही न विचारताच जाते." आजोबांनी अमेरिकेहून आणलेल्या शिवणयंत्राचा खण तिनं ओढला आणि त्यातून चार पत्रं काढली. तिकडं गाब्रिएलही चार वर्षं राहून आला होता.

रूनानं एक वाचायला घेतलं, दोन ओळींनंतर माझ्या हातात दिलं, मग मी वाचलं. १९१६ सालचं होतं. तुझ्यासाठी उतरवून घेतलं आहे.

"गाब्रिएल, मी आता बरी आहे. इथल्या भटारखान्यात मी रोज साठ जणींचा पाव करते आणि कुणी म्हणत नाही की मी वेडी आहे. डॉक्टर म्हणतात घरचं कुणी न्यायला आलं तर सोडू. ताराल्डला सवड नसेल तर राहू दे. तू नुसतं तिकीट पाठव, मी एकटी येईन. बोटीवर मी कुणाला त्रास देणार नाही. आईला सांग मी तिच्याजवळच झोपेन, वेगळी खोली नको."

रूना टोमीनेला म्हणाली, "त्यांनी काय उत्तर दिलं?"

"काय देणार? तोवर तिचं नाव दुसऱ्या पोरीला देऊन झालं होतं. आणि चर्चमध्ये ती मेली म्हणून सांगायला हेच उभे होते. ती बोटीतून उतरली असती तर यांनी गावाला काय तोंड दाखवायचं?"

"पण सख्खा भाऊ."

"सख्खा होता म्हणूनच," टोमीने म्हणाली. "त्यांच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. वेडी आत्या घरात आहे म्हटल्यावर त्या कुणी केल्या असत्या? बाहेरच्याला काय पडलंय खोटं बोलायला. लाज घरच्यांनाच वाटते."

परतताना गाडीत रूना सारखी डोळे पुसत होती. म्हणाली, "ताराल्डचं एक वेळ समजेन मी. हा गाब्रिएल मला समजत नाही. बहिणीचं पत्र हातात घेऊन हा माणूस जेवला कसा असेल?"

आता ऐक. हे तुला माहीत नाही, किंवा असेलही.

तू इस्पितळातून रूनाच्या नावानं नऊ पत्रं पाठवलीस. पहिलं डिसेंबरात आलं, शेवटचं पुढच्या ऑगस्टात. नऊही माझ्याच खिडकीत आली, कारण गावात दुसरी खिडकी नव्हती. मी प्रत्येकावरचं नाव निळ्या पेन्सिलीनं खोडलं, 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहिलं आणि परतीचा शिक्का मारला. अक्षर माझंच होतं, तू ओळखलं असशील. एकही फोडलं नाही. परक्याचं पाकीट फोडायचं नाही एवढा नियम मी पाळला.

गाब्रिएलनं निदान ठेवली. मी तेवढंही केलं नाही.

आणि तू अकरा महिन्यांनी बाहेर आलीस, पार वरच्या टोकाला जाऊन मासळीच्या कारखान्यात लागलीस, आणि सत्तावीस वर्षं तिथं आहेस. एवढी वर्षं एका जागी काम करणारी बाई वेडी नसते. हे मला कधीच कळलं होतं. डिरेक्टरीतलं नाव दर वर्षी मला तेच सांगत होतं.

आसलॉग


लिस्ता, ९ जून

टोरहिल्ड,

कार्ड मिळालं. बंदराचं चित्र, आणि मागे तीनच शब्द. "चर्च किती वाजता?"

अकरा वाजता. मी लपवलं असं व्हायला नको. पण येऊ नकोस. पाया पडते, येऊ नकोस.

मी रूनाला सांगणार आहे. बाप्तिस्मा होऊ दे, पाहुणे जाऊ देत, बाळ जरा बाळसं धरू दे. ती अजून अंगावर पाजते, आत्ता धक्का बसला तर दूध जाईल. हे मी कारण काढत नाही. बरं, काढते आहे. मला खरं कारण लिहिता येतं, ते असं की रूना मला गमवायची नाही. नवरा गेला, आई गेली, नोकरी संपली. सकाळी अकरा वाजता ती बाळाला घेऊन माझ्या दारात येते तेवढ्यासाठी मी उठते. गाब्रिएलबद्दल ती जे बोलली ते मी ऐकलं आहे. त्याच्या थडग्यापाशी थांबायलाही ती तयार नव्हती.

तू इतकी वर्षं थांबलीस. आणखी एक उन्हाळा थांब. मागायचा मला अधिकार नाही हे मला कळतं, तरी मागते.

आसलॉग


लिस्ता, १७ जून

टोरहिल्ड,

तू आलीस.

केस पांढरे झाले तुझे. बारीक कापलेस ते चांगले दिसतात. तू शेवटच्या बाकावर डाव्या हाताला बसलीस, राखाडी रेनकोट अंगात तसाच. मी पहिल्या बाकावरून एकदाच मागं पाहिलं. पाद्रीणबाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय?" आणि रूना ठणठणीत आवाजात म्हणाली, "टोरहिल्ड." मला वाटलं तू उठशील, काही बोलशील. तू बसून राहिलीस. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, तिन्ही वेळा तुझं नाव घेतलं आणि तू बाकीच्यांबरोबर आमेन म्हणालीस.

कॉफीला तू हॉलमध्ये येशील असं मला वाटलं नव्हतं. पण आलीस, कप घेतलास आणि खिडकीशी उभी राहिलीस. रूना कशी आहे तू पाहिलंस. एकटं माणूस तिला बघवत नाही. बाळाला घेऊन थेट तुझ्याकडे गेली. मी केक कापत होते, चार पावलांवर.

"आपण कुणाकडच्या?" तिनं विचारलं.

"मी उत्तरेकडून आले."

"अगंबाई, एवढ्या लांबून? आईच्या ओळखीच्या का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही पाहिलंस, ते मी शपथेवर सांगेन. तू नुसती थांबलीस. बोलायची पाळी माझी होती आणि तू ती मला दिलीस. रूनाही माझ्याकडे वळली. मी सुरी पुसली आणि म्हणाले, "असतील. पोस्टात खूप लोक यायचे."

तुझा चेहरा बदलला नाही. तू रूनाला म्हणालीस, "तुमच्या मावशीला ओळखते मी."

"टोरहिल्ड मावशीला? खरंच? कशी होती हो ती?"

"बरी होती," तू म्हणालीस. "मध्ये थोडे दिवस आजारी होती. मग बरी झाली."

बाळाच्या मुठीत तू बोट दिलंस, तिनं ते धरलं, तू सोडवून घेतलंस आणि बसच्या वेळेला निघून गेलीस. केकला तू हात लावला नाहीस. मी पाहुण्यांना वाढत राहिले.

काल सकाळी रूना आली नाही. दुपारी आली, बाळाला एविंडजवळ ठेवून. दारातच उभी राहिली.

"आई, ती बाई म्हणाली मावशी बरी झाली होती."

"हो."

"मग मेली कशानं?"

मी तोंड उघडलं. न्यूमोनिया म्हणणार होते, शब्द तयार होता. 'न्यू' म्हणालेसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की तिला अर्धं कळलेलं आहे. रात्रभर तुझ्या त्या चार वाक्यांवर तिनं विचार केला असणार. 'ओळखते' म्हणालीस तू, 'ओळखत होते' नाही. ते तिच्या कानात राहिलं होतं.

मग मी सांगितलं, सगळं, उभ्यानंच. सही सांगितली, बटाटे सांगितले, आईची सूचना सांगितली, नऊ पत्रं सांगितली. तुला इतकी पत्रं लिहिल्यामुळे सांगायला सोपं गेलं, सगळं ओळीनं लागलेलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं विचारलं, "त्यातलं एक तरी वाचलंस?"

"नाही."

"मग त्यात काय होतं ते फक्त तिलाच माहीत." जरा थांबून म्हणाली, "काल ती चार पावलांवर उभी होती, आई. मी तिला 'आपण' म्हणाले."

मला रडू आलं नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस असं मी तुला विचारणार होते पूर्वी कधीतरी, वादात जिंकायला. आता कळतं की तू माझ्या जागी आलीच नसतीस.

तिनं तुझा पत्ता मागितला. मी लिहून दिला. ती आणि बाळ गुरुवारी निघतात, विमान दोनदा बदलावं लागतं, दुपारी अडीचला वार्दोला उतरतील. बाळाला गाडी लागते, उतरल्यावर लगेच पाजू नये, जरा मोकळ्या हवेत धरावं. रूनाला खारवलेली मासळी चालत नाही, ती संकोचानं खाईल, तू वाढू नकोस.

मी विचारलं, "बाळाचं नाव बदलणार का?" म्हणाली, "मावशीला विचारेन. नाव तिचं आहे."

मी विचारलं, "मी येऊ?" म्हणाली, "नको."

ती पायऱ्या उतरून गेली, फाटक उघडलं. मला राहवलं नाही. बाहेर जाऊन हाक मारली आणि विचारलं, "कुणी विचारलं तर माझ्याबद्दल काय सांगशील?"

ती थांबली. म्हणाली, "घाबरू नकोस. तू मेलीस असं मी कुणाला सांगणार नाही."

आसलॉग